मलप्पा अण्णांचा हात

थर्मामीटर चहात बुडवायचा नसतो हे मला माहीत होतं. आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं तुम्ही म्हणाल, बिचारीला कळत नव्हतं. चांगलं कळत होतं. एकवीस वर्षांची घोडी होते. सोलापुरात इंटर सायन्सपर्यंत शिकले होते, आणि त्या परीक्षेत नापास झाल्यामुळे तर पास झालेल्यांपेक्षा मला सायन्स जास्त येतं अशी माझी खात्री होती. मार्गशीर्षातली सकाळ, बोटं वाकत नाहीत इतका गारठा. समोर चहाचा पेला, शेजारी काचेचा लांब थर्मामीटर. चहा नेमका किती गरम आहे ते बघावं, असं मनात आलं. का, ते विचारू नका. तो थर्मामीटर पन्नासच्या वर मोजणारा नव्हता. टच्‌ असा आवाज झाला, आतली लाल रेघ चहात उतरली, आणि मी चहासकट काचा मागच्या उकिरड्यात पुरून आले.

हा थर्मामीटर म्हशींच्या कामाचा होता. ताप मोजायचा नव्हे, म्हशी फळवायचा. करकंबच्या अलीकडं एका गावात दूध संघानं कृत्रिम रेतनाचं केंद्र काढलं होतं. आणीबाणी उठून एखादं वर्ष झालं असेल. पत्र्याची एक खोली, पुढं लाकडी खोडा, आणि आत द्रवरूप नायट्रोजनचं ॲल्युमिनियमचं पिंप. त्या पिंपात काडीएवढ्या प्लास्टिकच्या कांड्या बुडवून ठेवलेल्या, एकेका कांडीत एकेका म्हशीपुरतं मुऱ्हा रेड्याचं बीज. मी तिथली कारकून. राहायला आत्याकडं. वडिलांनी नोकरीला परवानगी दिली होती ती एका अटीवर, पहिली तक्रार आली की परत यायचं आणि दाखवतील त्या मुलाशी लग्न करायचं.

काम नोंदींचं होतं. पण ज्या गोष्टीची नोंद करायची तिचं नावच मला लिहवेना. पहिला महिनाभर मी रजिस्टरात लिहीत होते, ‘म्हैस आली. कार्यक्रम झाला. म्हैस गेली.’ तपासायला आलेल्या साहेबांनी ते वाचून विचारलं होतं, की इथं कीर्तन वगैरे चालतं का.

तो ‘कार्यक्रम’ करणारे म्हणजे मलप्पा अण्णा. पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत, कपाळाला विभूती, अंगात जाड कापडाची बंडी. अक्कलकोटच्या पलीकडचे, घरची भाषा कानडी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी होती ती तिकडंच कानडी मुलखात दिलेली. केंद्राच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. एक ट्रंक, एक स्टोव्ह, आणि गावाकडून वर्षातून दोनदा येणारा डबा, वर कडक भाकरी आणि खाली शेंगाचटणी. करकंबच्या बाजूला त्यांच्याशी कानडी बोलणारं कुणी नव्हतं. मग ते म्हशींशी बोलायचे. म्हैस खोड्यात यायला अडली की मालक शेपूट पिरगाळायला बघायचा. अण्णा त्याला बाजूला करून तिच्या कानाशी हळू म्हणायचे, “बारव्वा, सुम्न निल्ल.” ये गं बाई, गप उभी राहा. आणि करकंबच्या बाजारात विकत घेतलेली, सात पिढ्यांत कानडी न ऐकलेली म्हैस गप उभी राहायची. मालकाला मराठीत जे जमत नसे ते यांना कानडीत जमतं, याचं मला फार नवल वाटायचं. पुढं मला नवरा मिळाल्यावर मीही एकदा त्यांच्यावर ते वाक्य करून पाहिलं. उपयोग झाला नाही.

थंडीचे दिवस म्हणजे आमचा हंगाम. म्हशी थंडीतच माजावर येतात, आणि त्यातही कित्येकींचा मुका माज. गाय हंबरून गाव गोळा करते. म्हैस काही बोलत नाही. वैरण जराशी कमी खाते, दूध चोरते, पहाटे बळस, म्हणजे काचेसारखा चिकट स्राव, टाकते, झालं. ज्याचं लक्ष असेल त्याला कळतं, नाहीतर वेळ निघून जाते. अण्णांना कळायचं. ते मालकाला एवढंच विचारायचे, “काल सांजंला कशी बगत हुती?” मालकाला सांगता आलं नाही की त्याच्यावर रागवायचे. घरात एवढं मोठं जनावर आणि ते कसं बघतं हे ठाऊक नसावं, हे त्यांना पटत नसे.

आणि थंडीतच या कामाची खरी परीक्षा. पिंपात कांडी गोठलेली असते, तिला एकाएकी शरीराच्या उबेला आणायचं. त्यासाठी कोमट पाणी, सदतीस डिग्री, अर्धं मिनिट. मग कांडी कोरडी पुसायची, सळईसारख्या लांब गनमध्ये बसवायची, आणि खोड्यापर्यंत न्यायची. आता बाहेर गारठा असला आणि गन गार असली, तर नुकतं जागं झालेलं बीज तिथंच मरतं. म्हणून अण्णा गन आधी तळहातांनी चोळून गरम करायचे आणि मग बंडीच्या आत, उघड्या पोटाशी धरून चालायचे, पाना चोरून नेल्यासारखे. खोड्याच्या वाऱ्याकडच्या अंगाला बारदानं बांधायचे. डावा हात कोपराच्या वरपर्यंत आत घालावा लागतो, तो आधी ऊन पाण्यात बुडवून ठेवायचे. नखं रोज कापायचे. मी एकदा विचारलं, म्हशीला काय कळणार गार आणि गरम? ते म्हणाले, तुझ्या पाठीवर कुणी सकाळी गार हात ठेवला तर तू काय करशील? मी म्हणाले, ओरडेन. “ती वरडत न्हाय,” ते म्हणाले, “आकसती. मग गाभ राहत न्हाय.”

गावाला अण्णांचा हात हवा असायचा, अण्णा नको असायचे. ज्या घरी त्यांच्या हातून म्हैस गाभ राहिली, त्या घरच्या लग्नाला त्यांना आवतण नसे. पंगतीत बसवलं तर लोक माझ्या हाताकडं बघत बसतील, त्यांचं पण जेवण व्हायचं नाही, असं तेच समजावून सांगायचे, जणू चूक त्यांचीच. स्टँडवरच्या हॉटेलात त्यांच्यासाठी टवका उडालेला एक कप वेगळा खिळ्याला टांगलेला होता. हे मला कळलं तेव्हा माझ्या अंगात एकदम समाजसुधारणा संचारली. मी हॉटेलात जाऊन मालकाला व्याख्यान दिलं. अण्णा डावा हात रेतनाला वापरतात, चहा उजव्या हातानं पितात, आणि तुम्ही दोन्ही हातांनी काय काय करता ते मला सांगू नका, असं बरंच. शेवटी मी म्हणाले, मला पण त्याच कपात चहा द्या. मालकानं मुकाट्यानं दिला. अण्णा खाली मान घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी बघते तर खिळ्याला दोन टवके उडालेले कप टांगलेले. एक अण्णांचा, एक माझा.

एकदा एक बडा बागायतदार जीपमधून आला, मागून गडी म्हैस घेऊन. त्याला घाई, त्याचं काम आधी व्हावं. अण्णांनी म्हैस पाहिली आणि सांगितलं की ही आज माजावर नाही. बागायतदार म्हणाला, मी सांगतो आहे ना. अण्णांनी हात पुसले आणि म्हणाले, “तुमी सांगून काय उपेग, मालक? तिला इचारा.” रांगेतले लोक हसले. बागायतदाराची म्हैस आठ दिवसांनी परत आली, या खेपेला रांगेत. गावात तेव्हा म्हणायचे, मलप्पाच्या हाताला गुण आहे. आयुष्यात त्यांनी मिळवलेलं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि त्यांना ते पुरत होतं.

आता त्या थर्मामीटरकडं येते. येऊ नये असं वाटतंय, पण येते.

अण्णांची जवळची नजर गेली होती. ती बारीक लाल रेघ त्यांना दिसायची नाही. हे फक्त मला माहीत होतं. संघाला कळलं असतं तर त्यांना घरी बसवलं असतं. म्हणून पाणी तयार करायचं आणि आकडा वाचायचा तो मी. ते आतून विचारायचे, किती? मी म्हणायचे, सदतीस. ते कांडी बुडवायचे. थर्मामीटर उकिरड्यात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यांनी विचारलं, किती? आणि मी म्हणाले, सदतीस.

नवीन मागवायचा तर फुटला कसा ते सांगावं लागणार. मग तक्रार, मग वडील, मग दाखवतील तो मुलगा. शिवाय मला वाटलं, त्यात काय मोठंसं, बोट घालून कळतं की. गारठून लाकूड झालेल्या बोटांनी मी पाणी बघायचे. आणि डोक्यातलं नापास झालेलं सायन्स सांगायचं, कांडी एवढी गोठलेली, हवा एवढी गार, तर ऊब जरा जास्तच हवी. स्टोव्हवरचं कढत पाणी मी वरून आणखी ओतायचे. दीड महिना, रोज सकाळी, मी त्या कांड्या उकडत होते आणि तोंडानं सदतीस म्हणत होते.

म्हैस राहिली नाही तर तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते. पौषात एक परत आली. मग दुसरी. मग एका दिवशी चार. मालक आधी हसत यायचे, मग गप्प यायचे, मग येईनासे झाले. ओढ्यापलीकडं एकानं रेडा पाळला होता, त्याच्या दारात रांग लागली. गाव बोलायला लागलं की मलप्पाचा हात गेला. वय झालं, हातात राम राहिला नाही. हॉटेलात लोक अण्णांच्यादेखत बोलायचे, अण्णा दगड असल्यासारखे.

अण्णांनी एकदाही माझ्यावर संशय घेतला नाही. त्यांनी स्वतःवर घेतला. बंडीखाली आणखी एक बंडी घातली, म्हणाले, माझ्या पोटाचीच ऊब कमी झाली असेल. खोड्याजवळ शेकोटी केली. बारदानं दुहेरी बांधली. डावा हात इतका वेळ ऊन पाण्यात धरायचे की कातडं सुरकुतून यायचं. मी हे सगळं टेबलाशी बसून बघत होते, आणि रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहीत होते, ‘परत माजावर.’ कार्यक्रम हा शब्द एव्हाना सोडला होता.

शेवटी संघाचं पत्र आलं. तक्रारी फार झाल्या, साहेब सोमवारी चौकशीला येणार. रविवारी दुपारी अण्णा माझ्याकडं एक कोरा कागद घेऊन आले. त्यांना कानडी लिहिता यायचं, मराठी नाही. ते समोर उभेच राहिले, बसले नाहीत.

“लिव्ह अक्का,” ते म्हणाले. “माज्या हाताला आता गुण राहिला न्हाय, म्हनून मला मोकळं करावं. तुमच्या चांगल्या भाषेत लिव्ह, पर आर्थ त्योच ठेव.”

मी लिहिलं, ‘माझ्या हाताला’. पुढं पेन चालेना. मान वर न करता मी म्हणाले, “अण्णा, हात चांगला आहे. थर्मामीटर नाहीये.”

कधीपासून, म्हणाले. दीड महिना झाला, मी म्हणाले. मग चहाचं सांगितलं, उकिरड्याचं सांगितलं, कढत पाण्याचं सांगितलं. मला वाटलं, आता ते माझ्या तोंडात देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी डावा हात समोर धरला, पालथा केला, उलटा केला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत राहिले.

“मंजी ह्येचं काय चुकलं नव्हतं,” ते म्हणाले. आणि त्यांना हसू आलं. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

सोमवारी उजाडताच हौसाबाई म्हैस घेऊन आली. हौसाबाई माळावर एकटी राहायची, तिचं जगणं त्या एका म्हशीवर. म्हैस वर्षभर भाकड. ही तिची दुसरी खेप, आणि याही वेळी राहिली नाही तर म्हैस बाजारात जाणार, आणि भाकड म्हैस बाजारातून कुठं जाते ते तिला ठाऊक होतं. सगळं गाव रेड्याकडं गेलं होतं, ही तेवढी आमच्याकडं आली होती. मी पाणी काढलं आणि थिजून बसले. अण्णा आत आले. तान्ह्या लेकराला न्हाऊ घालताना कोण थर्मामीटर लावतं, म्हणाले, कोपर बुडव. मी कोपर बुडवलं. चटका बसला. गार पाणी घातलं, पुन्हा बुडवलं. पाणी आहे की नाही हेच कळेना. “झालं,” ते म्हणाले, “तेच त्ये.” इतकं सोपं होतं. दीड महिना माझ्याच हाताला कोपर लटकलेलं होतं.

त्यांनी कांडी पुसली, गन पोटाशी धरली, बाहेर गेले. मी खिडकीतून बघत होते. म्हशीच्या कानाशी तेच कानडी शब्द. हौसाबाई म्हशीच्या तोंडाशी उभी राहून काहीतरी बोलली, अण्णांनी मान हलवली. मला ऐकू आलं नाही. मग अण्णांनी तिला सांगितलं की दमानं ने, पळवू नकोस, आजचा दिवस सावलीला बांध.

साहेब अकराला आले. पाणी कोण बघतं, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण अण्णा आधी बोलले.

“मीच बगतो, साहेब. माझी नजर गेलीया, आकडं दिसत न्हायती. थर्मामीटर बी माज्याच हातनं फुटला. सांगितलं न्हाय, ह्यो माजा गुन्हा.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, तुम्हाला काही माहीत होतं का, असं विचारलं. मी उघडलेलं तोंड मिटलं आणि रजिस्टरात बघितलं. मुलगी लाजाळू दिसते, असं त्यांनी ठरवलं असावं. चहात थर्मामीटर बुडवणं हा मूर्खपणा होता. हा मूर्खपणा नव्हता, आणि यावर मला आजही विनोद सुचत नाही.

साहेब गेल्यावर मी रडायला लागले तर अण्णांना त्याचाच कंटाळा आला. “तुजं नाव निगालं आसतं तर हितं परत कुनी पोरगी ठिवली नसती,” ते म्हणाले. “आन नजरंचं मी काय खोटं बोललो?” मग त्यांनी तोच अर्धवट राहिलेला अर्ज पुढं केला. ‘माझ्या हाताला’ हे शब्द मला खोडायला लावले आणि त्यावर लिहवून घेतलं, ‘माझ्या डोळ्यांना’. त्याच्यावर त्यांनी कानडीत सही केली.

फाल्गुनात त्यांना मोकळं केलं. त्याच्या आधी ते एकदा हौसाबाईच्या गोठ्यात जाऊन म्हैस तपासून आले, मला येऊन म्हणाले, राहिली आहे. गावात हे सांगा की, मी म्हणाले. ते म्हणाले, पोटातलं सांगू नये, व्याल्यावर दिसेलच.

ते गेले त्या दिवशी स्टँडवर मी एकटीच होते. अण्णांनी ट्रंक टपावर चढवली आणि ते खिडकीशी बसले. मी तुम्हाला पत्र लिहीन म्हणाले, त्यांनी मान हलवली, मराठी पत्र त्यांना कोण वाचून दाखवणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बस सुटली आणि पन्नास पावलांवर थांबली, कारण ओढ्याकडून म्हशी रस्ता ओलांडत होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि त्यांच्याकडं बघत राहिले, एकेकीकडं. एका म्हशीनं मान वळवली. पुढं बरीच वर्षं मी लोकांना सांगत असे की तिनं त्यांना ओळखलं. खरं म्हणजे ती हॉर्नकडं बघत होती. मग रस्ता मोकळा झाला आणि बस गेली.

नवीन माणूस आला, तो चांगला होता, त्याचे डोळे चांगले होते. गाव रेड्याकडून हळूहळू परत आलं. बघा, म्हातारा गेला आणि केंद्राला गुण आला, असं म्हणायचं. मी ऐकून घ्यायचे. पावसाळ्यात पिंप भरायला आलेल्या जीपच्या ड्रायव्हरनं बोलता बोलता सांगितलं, तुमचा तो कानडी म्हातारा आषाढात गेला म्हणे. कशानं, ते त्याला माहीत नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर हौसाबाईची म्हैस व्याली. रेडी झाली, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. हौसाबाई चिकाचा तांब्या घेऊन केंद्रावर आली. नवा माणूस नव्हता, मी एकटीच होते. ती खोड्याजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, अण्णा असता तर त्याला पहिला दिला असता. तेव्हा मला राहवलं नाही. चहापासून सगळं सांगितलं. कढत पाणी, सदतीस, साहेब, मिटलेलं तोंड, सगळं. आता ही हे गावभर करणार, आणि करावंच, असं मनाशी धरून बसले.

तिनं चिकाचा तांब्या बाजूला सरकवला. पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली,

“मी बी म्हनले हुते, बाई. त्या दिशी म्हशीपाशी हुबं राहून त्याच्या तोंडावर म्हनले, अण्णा, तुजा हात गेलाय, पर मला दुसरं कुनी न्हाय म्हनून आले. आता ते माघारी कुनाकडनं घिऊ?”